सागरी मत्स्यालयाचे चक्र बसवणे आणि पाण्याची तपासणी

सागरी मत्स्यालयाचे चक्र बसवणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी, विषारी अमोनियाचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वसाहत तयार करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेस साधारणपणे तीन ते आठ आठवडे लागतात. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट हे तिन्ही पदार्थ पाण्यात विरघळले असता डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे पाणी नितळ दिसणे हे ते माशांना सुरक्षित असल्याचे लक्षण नव्हे. चक्र बसले की नाही, हे केवळ रासायनिक तपासणीवरूनच ठरते.

समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या प्रदेशात या तपासणीला आणखी एक बाजू आहे. तेथे समुद्रजल स्थानिक गोड्या पाण्यापासून तयार करावे लागते आणि त्या मूळ पाण्याचे गुणदोष टाकीत उतरतात. महाराष्ट्रातील जालना जिल्हा हे अशा प्रदेशाचे ठळक उदाहरण आहे.

## इतिहास

टाकीतील जीवसृष्टीचा समतोल राखण्याचे पहिले पद्धतशीर प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये झाले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी टिकवता येते, असे दाखवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली.

अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर हे सजीवांचे काम असल्याचे फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले. पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते करणारे जीवाणू वेगळे केले. नायट्राइट ओळखण्याची पेटर ग्रीस यांची रंगचाचणी १८७९ मधील असून तिच्या सुधारित पद्धती आजच्या घरगुती चाचणी संचांतही वापरल्या जातात. २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा एक सागरी आर्किया गटातील सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करण्यात आला. तो अमेरिकेतील सिॲटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून मिळाला होता. हे काम केवळ जीवाणूच करतात, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

महाराष्ट्रात सागरी मासे जनतेला पाहता यावेत म्हणून उभारलेले सर्वांत प्रसिद्ध मत्स्यालय म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ मध्ये सुरू झाले आणि ज्यांच्या देणगीचा त्याच्या उभारणीस हातभार लागला, त्या पारशी दानशूर गृहस्थांचे नाव त्यास देण्यात आले.

## नायट्रोजन चक्र

मासे आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त उत्सर्ग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. न खाल्लेले अन्न व मृत जीव कुजूनही अमोनिया तयार होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो, टाकीत मात्र साचत राहतो. सूक्ष्मजीव त्याचे दोन टप्प्यांत रूपांतर करतात. पहिल्या टप्प्यात अमोनियापासून नायट्राइट तयार होते आणि दुसऱ्या टप्प्यात नायट्राइटपासून नायट्रेट. या संपूर्ण क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. हे सूक्ष्मजीव पाण्यात मोकळे तरंगण्यापेक्षा खडक, वाळू व गाळणीतील सच्छिद्र पृष्ठभागांवर चिकटून वाढतात. त्यांची वाढ संथ असते, म्हणून नव्या टाकीत घाई करता येत नाही.

नायट्रीकरणास प्राणवायू लागतो आणि त्यात पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पेलण्याची क्षमता, खर्च होते. १ मिलिग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनाचे पूर्ण रूपांतर होताना सुमारे ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता लागते.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो व अत्यंत विषारी असतो, तर अमोनियम आयन बराच कमी घातक असतो. या दोहोंचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो. सामू ८.२ असलेल्या समुद्रजलात हेच प्रमाण ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजेच चाचणीत तोच आकडा आला तरी सागरी टाकीतील धोका गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा दहा पटींहून अधिक असतो. नायट्राइटच्या बाबतीत उलट स्थिती आहे. समुद्रजलातील विपुल क्लोराइड आयन नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाहीत, त्यामुळे सागरी माशांना ते गोड्या पाण्यातील माशांच्या तुलनेत खूपच कमी बाधते. तरीही नायट्राइट शिल्लक असणे म्हणजे चक्राचा दुसरा टप्पा अपुरा असणे होय. म्हणून त्याची तपासणी टाळता येत नाही.

## मूळ पाणी : जालना जिल्ह्याचे उदाहरण

जालना जिल्हा मराठवाड्याच्या पठारावर, अरबी समुद्रापासून ३०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. जिल्ह्याचा बहुतेक भूभाग बेसाल्ट खडकाचा असून ग्रामीण भागात विहिरी व विंधनविहिरी हेच पाण्याचे मुख्य आधार आहेत. जालना शहराला जायकवाडी जलाशय व घाणेवाडी तलावातून पाणी मिळते. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते. खडकाच्या भेगांतून मुरताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट विरघळलेले असतात.

मत्स्यालयाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न नायट्रेटचा आहे. रासायनिक खते, शेणाचे उकिरडे व शौचालयांचे शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत झिरपते. विदर्भ व मराठवाड्यातील अनेक ठिकाणच्या भूजलात ते पिण्यायोग्य मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी विशेषतः तान्ह्या बाळांना धोकादायक ठरते, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. असे पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. वाफेमुळे पाणी कमी होऊन त्याचे प्रमाण उलट वाढते. त्यामुळे मत्स्यालयासाठी केलेली मूळ पाण्याची तपासणी घरातील पिण्याच्या पाण्याविषयीही उपयुक्त माहिती देते. मात्र घरगुती संचात नायट्रेट जास्त दिसल्यास पाणी तपासणी प्रयोगशाळेतून खात्री करून घेणे आवश्यक असते.

टाकीच्या बाबतीत या नायट्रेटचा परिणाम असा होतो : चक्र सुरू होण्यापूर्वीच पाण्यात ३० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेट असेल, तर तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत नायट्रेट दिसते आणि चक्र बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात एकाही सूक्ष्मजीवाने काम केलेले नसते. अशा भरवशावर सोडलेले मासे अमोनियाने मरतात. म्हणून मीठ मिसळण्यापूर्वी मूळ पाण्याची अमोनिया, नायट्राइट व नायट्रेटसाठी तपासणी करून आकडे नोंदवून ठेवणे ही पहिली पायरी मानली जाते.

पाणी बदलतानाही हाच हिशेब लागू पडतो. टाकीत नायट्रेट ४० असताना निम्मे पाणी काढून नायट्रेटमुक्त पाणी घातले, तर प्रमाण २० वर येते. त्याऐवजी ४५ नायट्रेट असलेले पाणी घातले, तर ते ४२.५ होते. पाणी बदलूनही टाकी सुधारत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

## पाण्याचे शुद्धीकरण

सागरी टाकीसाठी साधारणपणे आरओ संयंत्रातून काढून नंतर आयन शोषणाऱ्या रेझिनमधून गाळलेले पाणी वापरतात. आरओचे पटल बहुतेक क्षार अडवते, परंतु नायट्रेट इतर अनेक क्षारांच्या तुलनेत त्यातून अधिक प्रमाणात सुटते. मूळ पाण्यात ६० मिलिग्रॅम नायट्रेट असेल व पटलाने त्यातील ९० टक्के अडवले, तरी ६ मिलिग्रॅम उरतेच. उरलेले नायट्रेट रेझिन काढून घेते.

पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. असे पाणी मत्स्यालयास योग्य नसते. टीडीएस मापक एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, पण त्यांत नायट्रेट किती, हे सांगत नाही. रेझिननंतरच्या पाण्याचा टीडीएस शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असावा लागतो. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा अंश असल्यास त्यातील क्लोरीन सूक्ष्मजीवांना व आरओच्या पटलालाही मारक ठरते. म्हणून आधी कोळशाची गाळणी लावतात.

## कृत्रिम समुद्रजल

समुद्रजलातील क्षारांत तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा सोडियम क्लोराइडचा असला, तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट हे घटकही जीवांना आवश्यक असतात. त्यामुळे स्वयंपाकाचे मीठ वापरून समुद्रजल तयार होत नाही. निसर्गातील कोणतेही खारे पाणीही त्याची जागा घेऊ शकत नाही. मंठा तालुक्याला जवळ असलेले बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर खारे आहे, परंतु त्यात सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे प्राबल्य असून सामू १० च्या आसपास असतो. प्रवाळभित्तीवरील मासे अशा पाण्यात जगू शकत नाहीत.

मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षारमिश्रण शुद्ध पाण्यात थोडेथोडे घालून ढवळतात. मिश्रणावर पाणी ओतल्यास काही क्षार घट्ट होऊन खाली बसतात. १०० लिटर पाण्यास मिश्रणाच्या प्रकारानुसार सुमारे ३.६ ते ४ किलोग्रॅम मिश्रण लागते. पाणी एक दिवस फिरते ठेवून मग लवणता मोजतात. ती हजारी ३५ भाग, म्हणजेच २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ ते १.०२६ असावी. मोजणीसाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरत असल्यास तो ३५ भाग लवणतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेणे अधिक विश्वसनीय असते.

## चक्राची सुरुवात

पूर्वी चक्र सुरू करण्यासाठी टाकीत एखादा काटक मासा सोडण्याची पद्धत होती. त्यात तो मासा अनेक दिवस विषारी पाण्यात राहतो, म्हणून आता माशाविना चक्र बसवणे श्रेयस्कर मानले जाते. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड मोजून घालतात. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हाच पदार्थ. पण बाजारातील नवसागरात भेसळ वा धातूंचा अंश असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा पदार्थ घेतात. १०० लिटर पाण्यात एकूण अमोनिया २ मिलिग्रॅम प्रति लिटर करण्यास सुमारे ०.६३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरते. प्रमाण ५ च्या पुढे गेल्यास सूक्ष्मजीवांची वाढच मंदावते.

सूक्ष्मजीवांचे विरजण म्हणून चालू असलेल्या निरोगी सागरी टाकीतील थोडी वाळू वा गाळणीचा भाग घालतात, किंवा सागरी पाण्यासाठीच तयार केलेले जीवाणूंचे द्रावण वापरतात. गोड्या पाण्यासाठीचे द्रावण पूर्ण लवणतेच्या पाण्यात नीट काम करत नाही.

## चाचण्या व त्यांतील चुका

घरगुती संचात परीक्षानळीत ठरावीक पाणी घेऊन अभिकारकाचे थेंब घालतात आणि ठरलेल्या मिनिटांनंतर आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहतात. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहावा. नळी आधी टाकीच्या पाण्याने विसळणे व अभिकारकांची अंतिम मुदत पाहणे आवश्यक असते. संच समुद्रजलासाठी योग्य आहे, याचीही खात्री करावी लागते. ग्रामपंचायतींना जल जीवन मिशनखाली पिण्याच्या पाण्यासाठी मिळालेले क्षेत्रीय चाचणी संच मूळ पाणी तपासण्यास उपयोगी पडतात, परंतु ते गोड्या पाण्यासाठी बनवलेले असल्याने समुद्रजलात त्यांवर विसंबता येत नाही.

अमोनिया : सॅलिसिलेट पद्धतीत पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत रंग येतो व मुक्त अमोनिया आणि अमोनियम यांची बेरीज कळते. नेसलर अभिकारक समुद्रजलातील मॅग्नेशियम व कॅल्शियममुळे गढूळ होतो.

नायट्राइट : ग्रीस पद्धतीत गुलाबी ते जांभळा रंग येतो. प्रमाण फार अधिक असल्यास रंग तक्त्याच्या पलीकडे जातो. अशा वेळी नमुना शुद्ध पाण्याने दहापट विरल करून आकडा दहाने गुणतात.

नायट्रेट : या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग तेच मोजतात. त्यामुळे टाकीत नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचा आकडा खोटा मोठा येतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यास फारसा अर्थ नसतो. उलट, अभिकारकाची बाटली सांगितल्याइतका वेळ न हलवल्यास आकडा खोटा लहान येतो.

सामू व अल्कता : सामू ८.० ते ८.४ दरम्यान असावा. नैसर्गिक समुद्रजलाची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सुमारे १२० मिलिग्रॅम प्रति लिटर असते. अमोनियाची २ मिलिग्रॅमची एक मात्रा तिच्यातील सुमारे १२ मिलिग्रॅम खर्च करते. अनेक मात्रांनंतर अल्कता फार घसरल्यास सामू उतरतो व नायट्रीकरण मंदावते.

निरनिराळ्या संचांचे आकडे ताडताना एककही पाहावे लागते. काही संच आयनाचे वजन देतात, तर काही केवळ त्यातील नायट्रोजनाचे. नायट्रोजनाच्या आकड्यास नायट्राइटसाठी ३.२८ ने व नायट्रेटसाठी ४.४३ ने गुणले की आयनाचे वजन मिळते. त्यामुळे नायट्रोजनरूपातील १० आणि नायट्रेटरूपातील सुमारे ४५ हे एकाच पाण्याचे आकडे असू शकतात.

## तपासणीचा क्रम

खालील तक्ता सर्वसाधारण क्रम दाखवतो. तापमान, विरजण व खडकाच्या प्रकारानुसार कालावधी बदलतो.

| टप्पा | तपासणी | अपेक्षित स्थिती |
|---|---|---|
| मीठ मिसळण्यापूर्वी | मूळ व शुद्ध पाणी : टीडीएस, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट | शुद्ध पाण्यात सर्व शून्याजवळ |
| पहिला आठवडा | लवणता, सामू, एक दिवसाआड अमोनिया | अमोनिया घातला तेवढाच |
| दुसरा ते चौथा आठवडा | एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट | अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते |
| चौथा ते आठवा आठवडा | नायट्राइट, अल्कता, शेवटी नायट्रेट | नायट्राइट उतरते, नायट्रेट साचते |

अमोनिया शून्यावर आला म्हणजे चक्र बसले, असे नव्हे. चक्र पूर्ण झाल्याची कसोटी अशी : टाकीत अमोनियाची २ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा घालावी. २४ तासांनंतर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट वाढलेले दिसले, तर वसाहत पुरेशी झाली. अशी एक मात्रा पूर्णपणे रूपांतरित झाल्यास नायट्रेट सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटरने वाढते. चार मात्रा दिल्या असतील तर सुमारे २९ ची वाढ अपेक्षित असते. नोंदवहीतील आरंभीचा आकडा व ही बेरीज जुळली, तर तपासणी खरी असल्याचा तो पडताळाच होतो. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून नायट्रेट उतरवतात आणि एकावेळी एकदोनच मासे सोडतात, कारण वसाहत तिला मिळणाऱ्या अन्नाच्या प्रमाणातच टिकते.

## उष्ण व कोरड्या हवामानातील अडचणी

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. टाकीचे पाणी २५ वरून ३२ अंशांवर गेले, तर त्याच सामूला मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दीडपट होते. त्याच वेळी पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. मुळात २५ अंशांनाही गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्रजलात केवळ सुमारे ६.७.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी उडाल्यास लवणता ३५ वरून जवळजवळ ३७ होते. ही तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते, खाऱ्या पाण्याने नव्हे.

वीज गेल्यावर पंप थांबतो आणि बंद गाळणीत साचलेल्या पाण्यातील प्राणवायू काही तासांतच संपतो. मग नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव निकामी होऊ लागतात. दीर्घ खंडानंतर गाळणीतील दुर्गंधीयुक्त पाणी टाकीत न सोडता काढून टाकावे आणि पुढील काही दिवस अमोनिया व नायट्राइट रोज तपासावे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा अशा प्रदेशात आवश्यक साहित्याचा भाग ठरतो.

## मासे, प्रवाळ आणि कायदा

अनेक सागरी शोभिवंत मासे आजही प्रवाळभित्तींवरून पकडून आणले जातात. चक्र न बसलेल्या टाकीत मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणणे म्हणजे समुद्रातून आणखी एक मासा कमी करणे होय. क्लाउनफिशसारख्या काही जातींचे प्रजनन आता बंदिस्त टाक्यांत यशस्वी झाले आहे. महाराष्ट्रात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांचे संवर्धन केले जाते.

भारतात भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना व समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे भारतीय समुद्रातून प्रवाळ काढून टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. यामुळे कोरडे किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक वापरणे हाच रास्त मार्ग उरतो. अशा खडकांवर आरंभी सूक्ष्मजीव नसतात, म्हणून त्यांसह सुरू केलेल्या टाकीस चक्र बसण्यास अधिक काळ लागतो आणि नियमित तपासणीची गरजही वाढते.

## हे सुद्धा पहा

नायट्रोजन चक्र
तारापोरवाला मत्स्यालय
लोणार सरोवर
जालना जिल्हा